पहिल्या आंघोळीसाठी नऊ होल

माझ्या विहीणबाईंनी लग्नात कसलाही मान घेतला नाही, याचा मला भयंकर राग आला होता. आमची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नात विहिणीचं काय काय करायचं याचे बेत मी ती शाळेत होती तेव्हापासून करत होते. साडी घेऊन ठेवली होती, तिच्यावरचा ब्लाउज मी स्वतः शिवणार होते, पाय धुण्यासाठी पितळेची परात चिंच लावून लखलखीत केली होती. आणि या बाई कार्यालयाच्या दारात उभ्या राहून हसत म्हणाल्या, "पाय धुवायचं राहू द्या हो, मी घरून धुऊन आलेय. आणि साडी नको, मी वर्षातून एकदा नेसते, ती आजच नेसून झाली." सगळे हसले. मीही हसले. पण परात कोरडीच्या कोरडी डोंबिवलीला परत आली, आणि पुढे कितीतरी दिवस ती मांडणीवर दिसली की माझा पारा चढायचा.

विहीणबाई ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहतात. शाळेत पी.टी. शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. अंगाने सडसडीत, पाठ ताठ, समोरचा माणूस वाकून उभा असला तर त्यांना बघवत नाही. लग्नाच्या फोटोंच्या वेळीसुद्धा त्यांनी आमच्या ह्यांना "खांदे मागे, हनुवटी वर" करून घेतलं होतं. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. एकच मुलगा, तोच आता आमचा जावई. मी शिवणकाम करणारी. निम्म्या डोंबिवलीचे ब्लाउज माझ्या हातून गेलेत, आणि माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते असं आमचे हे सांगत फिरतात.

मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला बंगळूरला. लग्न मे महिन्यात झालं आणि जून संपायच्या आत मी दिवाळीचा विषय काढला. पहिला दिवाळसण मुलीच्या माहेरी, यात विचारायचं काय? तरी रीत म्हणून मी विहीणबाईंना फोन केला.

"विहीणबाई, दिवाळीला दोघं आधी आमच्याकडे येतील, बरं का. पहिली आंघोळ आमच्या घरी."

पलीकडून त्या म्हणाल्या, "रीत आहे खरी. पण यंदा पहिली आंघोळ माझ्याकडे झाली असती तर बरं वाटलं असतं. पाडव्याला घेऊन जा ना तुम्ही. चांगले दोन दिवस ठेवून घ्या."

"पाडव्याला काय, कधीही येतील. दिवाळसण म्हणजे पहाटेची आंघोळ हो. जावयाला तेल-उटणं कोण लावणार?"

"मी लावीन. माझाच मुलगा आहे."

आता बघा, लग्नात मान नको म्हणणाऱ्या बाईला दिवाळीची पहाट मात्र हवी! मी इतक्या गोड आवाजात "बघू हं" म्हटलं की आमचे हे पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज गोड झाला की घरात काहीतरी फुटतं, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. दोन्ही घरं दिवाळीत करता येतील, पण पहाट काही वाटून घेता येत नाही. उठायचं, तेल लावून घ्यायचं, अंधारात आंघोळ करायची, आणि बाहेर फटाके वाजत असताना ओल्या केसांनी फराळाला बसायचं. मुलगी जन्मल्यापासूनची प्रत्येक दिवाळी मी तिला अशी उठवली आहे. लग्न झालं म्हणून पहिल्याच वर्षी ती पहाट दुसऱ्या घरी द्यायची, हे मला मुळीच पटत नव्हतं.

समोरासमोर बसून निकाल लावू म्हणून मी वर्तकनगरला गेले. विहीणबाईंनी जेवायला वाढलं, आग्रह केला, आणि आपला हट्ट तसूभरही सोडला नाही. जेवता जेवता मला कोपऱ्यात उभी एक लांबलचक पिशवी दिसली. मला वाटलं तंबोरा असेल.

"गोल्फच्या काठ्या आहेत," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या कंपनीत सगळे खेळायचे, तर हे शिकले आणि मग मला पण शिकवलं. मी अजून जाते खेळायला. शीळफाट्याच्या पुढे डोंगरात मैदान आहे ना, तिथे." आणि माझ्या पानात आमटी वाढता वाढता एकदम थांबल्या. "आपण खेळून ठरवू या का? जी जिंकेल तिची पहिली आंघोळ."

त्या गंमत करत होत्या. हे मला आज कळतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मी म्हटलं, "ठरवू या."

"अहो, पण तुम्हाला..."

"ठरलं म्हणजे ठरलं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. "मग मीच तुम्हाला शिकवते. न येणाऱ्या माणसाला हरवण्यात काय मजा? दसऱ्यानंतर सामना. तोपर्यंत रविवारी सकाळी यायचं. आणि दर होलला, म्हणजे एकेका खड्ड्यात बॉल घालायला जितके फटके लागतील त्यातले, तुम्हाला दोन फटके सूट."

आमचे हे मला घ्यायला डोंबिवली स्टेशनवर आले होते, त्यांना रिक्षात सांगितलं तर ते इतके हसले की रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "अगं, तुला गोट्या तरी खेळता येतात का?"

तर अशी मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी गोल्फ खेळायला लागले. रविवारी पहाटे माझी स्कूटर काढायची, शीळफाट्यापर्यंत जायचं, तिथे ट्रक आणि टँकरच्या गर्दीत एका चहावाल्याकडे स्कूटर लावायची. विहीणबाई मुंब्र्याच्या बायपासने गाडी घेऊन यायच्या. चहा व्हायचा आणि मग त्यांच्या गाडीतून डोंगरात. चहावाला आम्हाला बहिणी समजायचा. आम्ही दोघी एकाच वेळी "छे!" म्हणायचो.

सुरुवातीला त्यांनी मला मैदानाला लागून असलेल्या सरावाच्या जागी उभं केलं. तिथे हिरव्या चटया टाकलेल्या, जमीन कॅरम बोर्डसारखी सपाट, समोर मोकळं रान. तिथून नुसते बॉल मारायचे. पहिले दोन रविवार मी हवा सोडून कशालाही मारलं नाही. मग एक दिवस सात नंबरच्या काठीवर बॉल असा काही टच्चकन बसला आणि असा काही उडाला, की मी काठी टाकून विहीणबाईंचे दोन्ही हात धरून फुगडी घालायच्या बेतात आले. तो आवाज! चांगली कात्री कोऱ्या कापडातून एका दमात जाते ना, तसं वाटतं हाताला. त्यानंतर मला वेडच लागलं. ब्लाउज शिवताना पाय मशीनवर आणि मन चटईवर. गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता मी हात मागे नेऊन गोल्फच्या काठीचा झोका घ्यायला लागले, तेव्हा ती बाई घाबरून दोन पावलं मागे सरकली.

ऑगस्ट येईपर्यंत मी चटईवरून दहातले सहा-सात बॉल सरळ मारत होते, आणि दिवाळी आपलीच, या खात्रीने मी अनारशांचे तांदूळ कुठून आणायचे तेही ठरवून टाकलं. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "आज खऱ्या मैदानात जाऊ."

खऱ्या मैदानात सपाट जागा म्हणून नव्हती! डोंगरच तो. पहिला बॉल त्यांनी मला छोट्या खुंटीवर ठेवून मारू दिला, तो बरा गेला. तो जिथे पडला तिथे मी पोचले तर जमीन तिरकी. माझे पाय खाली, बॉल वर, जवळजवळ गुडघ्याच्या उंचीला. मी नेहमीसारखी उभी राहिले, नेहमीसारखी काठी फिरवली, आणि काठी बॉलच्या आधीच मातीत शिरली. गवताचा एवढा मोठा तुकडा उडाला, बॉल जागचा हलला नाही. पुढच्या वेळी बॉल डावीकडे झुडपात. मग एका जागी पाय वर आणि बॉल खाली, तिथे काठी बॉलच्या डोक्यावरून गेली आणि मी पुढे दोन पावलं धावले. चढावर मारायला गेले तर मागच्या मागे बसले. उतारावर काय झालं ते मला सांगायचं नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "हे कुठे आणलंत मला? तुमच्या चटईवर सगळं येत होतं."

"म्हणूनच आणलं," विहीणबाई म्हणाल्या. एवढ्या खूश मी त्यांना लग्नातही बघितलं नव्हतं. "सपाटीवर तुमच्या चुका झाकल्या जातात. तुम्ही मारता मारता वाक सोडून ताठ उभ्या राहता, वजन मागच्या पायावर ठेवता, आणि हातांनी जोर करता. चटई माफ करते. उतार नाही करत. आता दोन महिने चटई बंद. उतारावरच शिकायचं."

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, बाई कपटी आहे. मुद्दाम मला अवघड शिकवते आहे, म्हणजे मी हरेन. हे म्हणाले, "हरवायचं असतं तर चटईवरच ठेवलं असतं ना तुला." हे काहीतरी बरोबर बोलले की मला अजून राग येतो.

मग आमचं उतारावरचं शिक्षण सुरू झालं. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती खांद्यांची. जमीन जशी तिरकी तसे खांदे तिरके करायचे. चढावर डावा खांदा वर, उतारावर डावा खाली. जमिनीशी भांडायला जायचं नाही. ही गोष्ट मात्र मला एका झटक्यात कळली. कुठल्याही बाईचे दोन खांदे सारखे नसतात, एक थोडा उतरलेला असतोच, आणि ब्लाउज त्या खांद्याप्रमाणे कापला नाही तर कितीही चांगलं शिवलं तरी गळा एका बाजूला ओढतो. मी हे बोलून दाखवलं तर विहीणबाईंनी आपले खांदे आरशात बघावेत तसे वाकून बघितले. "माझा कुठला उतरलाय?" मी म्हटलं, "उजवा. शिट्टी वाजवायला हात सारखा वर न्यायच्या ना, थकलाय तो." त्या खो खो हसल्या. आमच्या दोघींचं पहिल्यांदा खरं हसणं झालं ते तेव्हा.

बॉल पायांपेक्षा वर असला की जरा ताठ उभं राहायचं, काठी थोडी आखूड धरायची आणि कमरेतून गोल फिरायचं, जातं फिरतं तसं. बॉल खाली असला की गुडघे वाकवायचे आणि शेवटपर्यंत वाकलेलेच ठेवायचे. चढावर बॉल उंच जातो आणि लवकर पडतो, तर त्या हिशेबाने काठी घ्यायची. आणि उतारावर, सगळ्यात वाईट जागा ती, वजन पुढच्या पायावर टाकून काठीला बॉलच्या मागोमाग उताराने खाली जाऊ द्यायचं. घाबरून काठीने बॉल वर उचलायला गेलात की संपलं. या सगळ्यात जोर लावायची सोयच नाही. जोर लावला की पाय घसरतो. त्यामुळे माझा झोका आपोआप शांत झाला. माझ्यात आजवर कुणालाही काही शांत करता आलं नव्हतं.

आणि मला सगळीकडे उतार दिसायला लागले. मी इतकी वर्षं डोंबिवली सपाट समजत होते! आमची गच्ची पाण्याच्या निचऱ्यासाठी पन्हळीकडे उतरलेली आहे. बाथरूमची फरशी जाळीकडे उतरते. स्वयंपाकाचा ओटा सिंककडे. स्टेशनच्या पुलाचा रॅम्प, बिल्डिंगच्या पार्किंगचा उतार, गटारावरच्या तिरक्या लाद्या. भाजी घ्यायला गेले की मी एक पाय फुटपाथवर आणि एक रस्त्यावर ठेवून दुधी हलवून बघायची. भाजीवाली म्हणाली, "ताई, घ्यायचा असला तर घ्या, नाचवू नका त्याला." पार्किंगच्या उतारावर मी भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या बॉलने सराव करायची. एकदा खांदे इतके बरोबर पडले की बॉल थेट पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आत, आणि वरून आवाज आला, "काकू, तुमचा बॉल आमच्या कुकरवर बसलाय! शिट्टी झाली की देते!" सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बोलावून विचारलं की हे काय चाललंय. मी म्हटलं, दिवाळीची तयारी.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी, गवत ओलं होतं, मी उतारावर पुढच्या पायावर वजन टाकलं ते जरा जास्तच टाकलं. काठी एकीकडे, मी एकीकडे, आणि मी अशी काही गडगडत खाली गेले की मधे थांबायचा प्रयत्नही सोडून दिला. खाली पोचून आडवी पडले, आभाळाकडे बघत. विहीणबाई धावत आल्या. "लागलं का? हात हलवा. पाय हलवा. मान?" सगळं हलवून झालं. मग त्यांनी विचारलं, "पण बॉल बघितलात का कुठे गेला?" मी मान वळवली. बॉल होलमध्ये रोवलेल्या झेंड्याच्या अगदी जवळ पडला होता. आम्ही दोघी त्या चिखलात बसून इतक्या हसलो की मागून येणारे दोन गृहस्थ आम्हाला वळसा घालून गेले.

हसणं ओसरल्यावर विहीणबाई तशाच बसून राहिल्या. म्हणाल्या, "हे गेल्यापासून घरात दिवाळी अशी झालीच नाही हो. पहिलं वर्ष तर करायचंच नव्हतं. मग मुलगा बंगळूरला, कधी यायला मिळालं, कधी नाही. पहाटे एकटीने उठून स्वतःच्याच हाताने स्वतःला तेल काय लावायचं? मी सरळ शॉवर घेते आणि चहा पिते. म्हणून वाटलं, आता लग्न झालंय, घरात चार माणसं पहाटे उठून गडबड करतायत असं यंदा एकदा व्हावं."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांच्या ओल्या गुडघ्यावर मी हातही ठेवला. पण त्याच वेळी मनात आलं की माझ्या मुलीची पहाट मी का सोडू? मीसुद्धा आईच आहे. आणि ही बाई सामन्याआधी मला मऊ तर करत नाहीये ना, असंही वाटून गेलं.   त्या उठून म्हणाल्या, "चला, पुन्हा तिथूनच मारा. या वेळी पडू नका."

दसरा झाला आणि सामन्याचा रविवार आला. मी रात्रीच देवाजवळ काठी ठेवली होती. आमचे हे बरोबर यायचं म्हणत होते, मी येऊ दिलं नाही. मुलीला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तिला फोनवर एवढंच कळलं होतं की आई आणि सासूबाई रविवारी व्यायामाला जातात, आणि या गोष्टीने ती इतकी खूश होती की खरं सांगायची सोय नव्हती.

पहिल्या होलला विहीणबाईंनी नियम सांगितले. शाळेत सांगत असतील त्याच आवाजात. "नऊ होल. ज्या होलला जिचे फटके कमी, तो होल तिचा, तुमचे दोन सूट धरून. आणि एक लक्षात ठेवा. आज मी तुम्हाला काहीही शिकवणार नाही. सामन्यात दुसरीला सल्ला द्यायचा नसतो. मी दिला तर तो होल माझा गेला. तुम्ही मला विचारलंत तर तुमचा गेला."

"मी कशाला विचारते," मी म्हटलं.

काय सांगू तो खेळ! माझ्या हाताला काय झालं होतं कुणास ठाऊक. उतारावर उभं राहून राहून माझा झोका असा काही बसला होता की सपाट जागा मिळाली की मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. चढ आला, खांदे चढाबरोबर. बॉल वर, मी ताठ. बॉल खाली, मी वाकलेली. विहीणबाई माझ्याहून कितीतरी चांगलं खेळत होत्या, पण दोन फटक्यांच्या सुटीमुळे आणि माझ्या झोक्यामुळे कधी होल त्यांचा, कधी माझा. त्यांची खरी परीक्षा मात्र मी मारताना होती. मी चुकीची उभी राहिले की त्यांच्या घशातून आवाज यायचा. मग त्या ओठ दाबून धरायच्या. नंतर नंतर तर मी उभी राहिले की त्या सरळ पाठ फिरवून डोंगराकडे बघत उभ्या राहायला लागल्या, आणि बॉलचा आवाज आल्यावरच वळायच्या. आठ होल झाले तेव्हा आमची बरोबरी होती. नववा होल जिंकेल तिची दिवाळी.

नवव्याला माझा दुसरा बॉल जाऊन पडला तो त्या मैदानातल्या सगळ्यात वाईट जागी. समोर उतार, शिवाय बॉल पायांपेक्षा खाली. झेंडा खूप खाली दिसत होता. विहीणबाईंचा बॉल छान मोकळ्या जागी होता. मी तिथे उभी राहिले आणि एकदम माझं सगळं अवसान गेलं. आता चुकलं तर पहाट गेली, हे डोळ्यांसमोर आलं. मुलीचे ओले केस, ओठाला लागलेला चिवडा, सगळं दुसऱ्या घरी. माझे गुडघे ताठ झाले, वजन मागच्या पायावर गेलं, मी घाबरून काठी मागे नेली.

विहीणबाई पाठ फिरवायला विसरल्या होत्या.

"अगं, गुडघे! गुडघे वाक! पुढच्या पायावर ये!"

"कुठला पुढचा?"

"डावा गं, डावा!"

"असा?"

"अस्सा! आता सोड, खाली जाऊ दे त्याला!"

मी सोडलं. काठी उताराने खाली गेली, बॉल बुटका उडाला, एकदा टप्पा, दुसरा टप्पा, आणि मग पळत पळत हिरवळीवर चढून झेंड्यापाशी जाऊन उभा राहिला. तसा फटका मी आजवर मारला नाही, पुढे मारेन असंही नाही. मी ओरडले. त्या माझ्याहून जोरात ओरडल्या. आम्ही एकमेकींना मिठी मारली आणि तिथल्या तिथे उड्या मारल्या, त्या उतारावर, दोन साठीच्या घरातल्या बायका. विहीणबाई टाळ्या वाजवत म्हणत होत्या, "बघितलंत! बघितलंत! शेवटपर्यंत वाकून राहिलात!"

आणि मग त्यांचे हात टाळीच्या मध्येच थांबले.

"मी बोलले," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. त्यांनी आपली काठी शांतपणे पिशवीत ठेवली आणि चेन लावली. "सल्ला दिला. होल माझा गेला. सामना तुमचा." आणि हसून म्हणाल्या, "तीस वर्षं मुलांना उभं राहायला शिकवलं हो, तोंड बंद राहत नाही. घेऊन जा दोघांना. मनापासून सांगते."

दिवाळी माझी झाली होती. चार महिने ज्याच्यासाठी गडगडले ते मिळालं होतं, नियमाने मिळालं होतं. मी फक्त "बरं" म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच बाहेर आलं.

"पण मी विचारलं की!"

"काय?"

"'कुठला पुढचा' असं मी विचारलं. मग 'असा?' म्हणूनही विचारलं. विचारलं तर माझा होल गेला, असं तुम्हीच म्हणालात."

"अहो, ते मी बोलल्यानंतर."

"नंतर विचारलेलं चालतं असं म्हणाला होतात का?"

"नाही, पण..."

"मग माझाही गेला. नियम म्हणजे नियम. का मी पी.टी. शिकवलं नाही म्हणून मला नियम नाहीत?" मी कमरेवर हात ठेवले होते. जन्मभर मी लोकांशी भांडले, पण स्वतःच्या नुकसानीसाठी इतकी कडकडून पहिल्यांदाच भांडत होते, आणि मला हसूही येत होतं, रडूही येत होतं. "दोघींचा गेला म्हणजे होल कुणाचाच नाही. बरोबरी."

विहीणबाई त्या पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बरोबरी झाली तर दिवाळीचं काय करायचं?"

"आंघोळ तुमच्याकडे. तेल-उटणं माझं. आणि लावणार मी. आम्ही दोघं अंधारातच येऊ, तुम्ही बंब तापवून ठेवा."

"गीझर आहे माझ्याकडे."

"मग गीझर लावून ठेवा!"

दिवाळीच्या त्या पहाटे आम्ही वर्तकनगरला पोचलो तेव्हा कॉलनीत नुसते कंदील पेटलेले होते. माझ्या हातात फराळाचे डबे, ह्यांच्या डोक्यावर पाट आणि हातात ती पितळेची परात, त्यात तेल, उटणं आणि कारिटं. मुलीने दार उघडलं, झोपाळलेली, केस विस्कटलेले, आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिला तेल लावलं. जावयाला लावलं, तो गुदगुल्या होतात म्हणून वळवळत होता. ह्यांनी दारात कारीट ठेवलं, गोल्फच्या बॉलएवढं गोल, आणि मला म्हणाले, "सात नंबर घेऊ का आठ?" सगळे हसत सुटले. जावयाने ते रीतीप्रमाणे पायाने फोडलं.

विहीणबाई सारख्या आतबाहेर करत होत्या. याला टॉवेल, त्याला चहा. मी त्यांना हाताला धरून आणलं.

"बसा."

"मला कशाला? मी घेते की अशीच आंघोळ."

"बसा म्हणते ना. लग्नात परात कोरडी परत पाठवलीत माझी."

त्या बसल्या. पाट बाथरूमच्या दारापाशी होता, तिथे फरशी जाळीकडे उतरते, त्यामुळे तो एका बाजूला कलला आणि त्या दचकल्या. मी म्हटलं, "खांदे उताराबरोबर ठेवा, विहीणबाई." त्या हसल्या आणि खरंच खांदे तिरके करून बसल्या.

मी त्यांच्या डोक्यावर कोमट तेल घातलं. पांढरे, आखूड केस, शिपायासारखे कापलेले. टाळूवर, कपाळावर, मानेवर, मग त्या थकलेल्या उजव्या खांद्यावर. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बाहेर मुलगी आणि जावई कंदिलाची वायर कुठे लावायची यावरून भांडत होते, ह्यांचं चिवडा खाणं सुरूही झालं होतं. मी घाईत होते, हात भराभर चालवत होते, आणि माझ्या लक्षात आलं की डाव्या कानामागे तेल लागलंच नाहीये, मानेलाही एका बाजूनेच लागलंय. ही चूक त्यांना न कळणं शक्य नव्हतं. ज्या बाईला नवव्या होलवरही गप्प राहवलं नाही ती बाई पाटावर अगदी गप्प बसून होती.

मी पुन्हा ओंजळीत तेल घेतलं आणि पहिल्यापासून लावायला सुरुवात केली.